इंजिन बांधायचं की बदलायचं? उतरवण्याआधी काय तपासाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, २ लाख ४० हजार किलोमीटर पळालेली. दर हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल खाते, चढाला दम लागतो, आणि इंजिन तापलं की आयडलला (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) ऑइलचा दिवा लुकलुकतो. एक मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवून पूर्ण बांधू. दुसरा म्हणतो, त्यात वेळ घालवू नका, चालू स्थितीतलं दुसरं इंजिन आणून बसवू. ऐकायचं कोणाचं?

सध्या कोणाचंच नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून एकाने सायलेन्सरचा धूर बघितला, दुसऱ्याने बॉनेट उघडून आवाज ऐकला. गेज कोणीच लावलेलं नाही. इंजिनं खोलण्या-बांधण्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली, तरी नुसत्या आवाजावरून आणि धुरावरून केलेला अंदाज आजही अधूनमधून साफ चुकतो. आणि तो चुकला की भुर्दंड मालकाला बसतो, मेकॅनिकला नाही.

मुळात तुमच्या तक्रारी दोन आहेत. ऑइल खाणं हा इंजिनाच्या वरच्या अंगाचा आजार: पिस्टनवरच्या रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी), व्हॉल्व्हची सीलं, व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ते गाइड. दिवा लुकलुकणं हा खालच्या अंगाचा: ऑइल पंप, क्रँक ज्यावर फिरतो ती मेन बेअरिंगं आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची बिग एंड बेअरिंगं. दोन्ही वयामुळे एकदम आले असतील, किंवा एकाने दुसऱ्याला आणलं असेल. ऑइल खाऊन खाऊन लेव्हल खाली गेली, वळणावर पंपाने ऑइलऐवजी हवा ओढली, असं चार-सहा वेळा झालं की बेअरिंगांचा जीव गेलाच. म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या.

आधी दिवा, कारण घाई त्याची आहे. हा दिवा ज्या स्विचवर चालतो तो साधारण ०.३ ते ०.५ बारच्या आसपास पेटतो, म्हणजे दाब जवळजवळ संपल्यावर. त्यामुळे दिवा खरा असेल तर परिस्थिती गंभीर आहे. पण स्विच खोटं बोलतो असंही खूपदा होतं. स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावायचं, आणि ऑइल चांगलं तापेपर्यंत इंजिन चालवायचं. थंड इंजिनावर घेतलेलं रीडिंग काही कामाचं नाही, थंड ऑइल जाड असतं आणि दाब छान दाखवतं. जुना ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला साधारण ०.७ बार दाब हवा. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच शेवटचा. तापलेल्या इंजिनाला आयडलला १ बार आणि ३००० आरपीएमला अडीच-तीन बार मिळाले, तर स्विच बदला, खालचं इंजिन ठणठणीत आहे. आयडलला गेजचा काटा शून्याजवळ लोळत असेल, तर गाडी चालवणं त्याच दिवशी थांबवा.

इथे कोणीतरी सांगेल, जरा जाड ऑइल घाला, दिवा जातो. जातो खरा. पण बेअरिंगमधली फट तेवढीच राहते, आणि ज्या इंजिनांत व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या दाबाने पुढे-मागे होतं किंवा हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे) आहेत, तिथे जाड ऑइल वेळेवर पोचत नाही. गाडी विकायला काढणारे लोक हा उपाय करतात. हे लक्षात ठेवा, पुढे जुनं इंजिन बघताना उपयोगी पडेल.

आता ऑइल खाणं. धूर कधी येतो ते आधी नीट पाहा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एकदाच निळा भपकारा येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्ह सीलं कडक झालीत. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये उतरवली आणि खाली आल्यावर पाय दाबताच निळा धूर आला, तर संशय गाइड आणि सीलांवर. भार असताना सतत निळा, तर रिंगा. टर्बो असेल तर टर्बोचं सील गळूनही अगदी तसाच धूर येतो, आणि त्यापायी चांगली इंजिनं उघडली गेलेली मी पाहिलीत. शिवाय पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून बघा. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधला गॅस परत इनटेककडे (हवा आत घेण्याच्या वाटेकडे) नेणारी ही छोटीशी झडप अडकली, तर ऑइलची वाफ थेट सिलिंडरमध्ये ओढली जाते. इतक्या स्वस्त वस्तूमुळे इंजिन उतरवायचं नसतं. आणि हेही माहीत असू द्या की बऱ्याच कंपन्या हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ऑइल खपणं मर्यादेतच धरतात. तुमची गाडी त्या मर्यादेच्या काठावर आहे, पार पलीकडे गेलेली नाही.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजणं. ही टेस्ट सगळेच करतात आणि निम्मे लोक चुकीची करतात. इंजिन तापलेलं हवं, चारही प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, आणि ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून टेस्ट केली तर सिलिंडरला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे द्यायचे आणि पहिल्या फेऱ्याला काटा किती चढला तेही लिहून ठेवायचं. धडधाकट रिंगा पहिल्याच दणक्याला बराचसा दाब देतात, झिजलेल्या रिंगा हळूहळू गोळा करत जातात. पेट्रोल इंजिनात १० ते १४ बार हा सर्वसाधारण पल्ला. पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सगळ्यांत कमी सिलिंडर सगळ्यांत जास्तच्या पाऊण पटीखाली गेला, तर त्यात काहीतरी बिघडलंय. मग त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत टेस्ट करा. दाब उसळला तर रिंगा, कारण ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं व्हॉल्व्ह असलेलं हेड यांच्यामधलं सील). शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच मेले असतील, तर त्या दोघांमध्ये हेड गॅस्केट फुटलंय असं जवळपास गृहीत धरा.

माझी आवडती टेस्ट मात्र लीक-डाउन. पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरायची आणि किती टक्के गळते ते मोजायचं. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० पर्यंत चालतं, ३० च्या पुढे इंजिन थकलेलं. खरी मजा टक्क्यांत नाही, कानांत आहे. ऑइल भरायच्या झाकणापाशी कान नेला आणि सूं ऐकू आलं, तर हवा रिंगांवरून खाली जातेय. सायलेन्सरच्या तोंडाशी ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलपाशी आलं तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावर उघडून ठेवलेलं असताना बुडबुडे आले, तर गॅस्केट किंवा तडा.

एक फसवी जागा. कॉम्प्रेशन उत्तम, लीक-डाउन उत्तम, आणि तरी गाडी ऑइल पितेय, असं होऊ शकतं. नव्या धाटणीच्या इंजिनांत घर्षण कमी करण्यासाठी ऑइल रिंगांचा (पिस्टनवरच्या सगळ्यांत खालच्या, ऑइल खरवडणाऱ्या) ताण कमी ठेवलेला असतो. त्यांच्यामागे पिस्टनला ऑइल परत जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती कार्बनने बुजली की ऑइल खरवडलं जातं पण खाली जायला वाट नसते. वरच्या दोन रिंगा दाब नीट धरतात, म्हणून गेज काही बोलत नाही. अशा इंजिनात बोअरवर कंपनीच्या होनिंगच्या (बोअर दगडाने घासण्याच्या) तिरक्या रेषा अजून दिसत असतात. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून त्या दिसल्या, तर इंजिन झिजलेलं नाही, तुंबलेलं आहे. मग पिस्टन काढून साफ करून नव्या रिंगा टाकणं, एवढंच काम निघू शकतं.

आणि शेवटी, जुना ऑइल फिल्टर फेकू नका. कापून घ्या, आतला कागद उलगडा, दाबून ऑइल पिळून काढा आणि उन्हात धरा. चमकी दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटली ती लोखंड किंवा पोलाद: रिंगा, बोअर, कॅम. न चिकटणारी मऊ रुपेरी पापुद्र्यांसारखी चमक बहुधा बेअरिंगची किंवा पिस्टनची. तांब्याचा रंग दिसला, तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय. पाच मिनिटांचं काम आहे आणि कधी कधी पूर्ण निर्णय तिथेच होतो.

समजा एवढं करून असं निघालं की रिंगा आणि बोअर गेलेत. आता खरी वादाची गोष्ट: बांधणं म्हणजे नेमकं काय? एकाच शब्दाखाली लोक फार वेगवेगळी कामं विकतात. सगळ्यांत स्वस्त प्रकार म्हणजे हेड काढा, पिस्टन काढा, नव्या रिंगा टाका, बंद करा. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. रिंगांचा प्रवास जिथे वर थांबतो तिथे उष्णता आणि दाब सगळ्यांत जास्त, शिवाय रिंग तिथे क्षणभर थबकते आणि ऑइलचा थर तुटतो. म्हणून बोअर वर रुंद, खाली अरुंद होत जातो. पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिथे जास्त झिजतो, म्हणून गोल असलेला बोअर अंडाकार होतो. वरच्या टोकाला बोटाचं नख फिरवा, नख अडलं तर तिथे कंगोरा तयार झालाय. अशा बोअरमध्ये नवी, पूर्ण गोल रिंग टाकली तर ती वर सैल आणि खाली घट्ट बसते, आणि तिची न झिजलेली धार त्या कंगोऱ्यावर आपटून तुटूही शकते. पाच-दहा हजार किलोमीटर गाडी बरी वाटते, मग मूळपदावर.

नीट काम म्हणजे बोअर गेज आणि मायक्रोमीटर. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजायचा. निमुळतेपणा ०.१ मिमीच्या आसपास गेला की माझ्या मते बोअर करण्याला (सिलिंडर आतून कापून किंचित मोठा करण्याला) पर्याय नाही. मग ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन मागवायचे, आणि पिस्टन हातात आल्यावर त्या पिस्टनच्या मापाने बोअर करायचा, आधी नाही. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मोजायचे. गरज असेल तर ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंगं. हेडचं फेसिंग (खालची सपाट बाजू) सरळ पट्टी आणि फीलर गेजने बघायचं, ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाकलं असेल तर मॅन्युअल उघडायचं. हेड बोल्ट ताणून बसवायच्या प्रकारचे असतील तर ते परत वापरायचे नाहीत, कितीही चांगले दिसले तरी.

तुमचं इंजिन बांधण्याजोगं आहे का, हे या टप्प्यावर कळतं. बीडाच्या ब्लॉकला बोअर करता येतो, तेवढा जीव त्यात असतो. पण काही ॲल्युमिनियम ब्लॉकच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा किंवा फवारलेल्या धातूचा अतिपातळ लेप असतो. तो नेहमीच्या पद्धतीने बोअर होत नाही, स्लीव्ह (आतून नवी नळी) घालावी लागते, आणि ते काम करणारी मशीनशॉप सगळीकडे नसते. काही क्रँकना नायट्रायडिंगचा कठीण थर असतो, तो ग्राइंडिंगमध्ये निघून गेला तर परत द्यावा लागतो. काही कनेक्टिंग रॉडची टोपी तोडून वेगळी केलेली असते, त्या तुटीच्या खडबडीत तोंडांनीच ती जागेवर बसते. ती घासून दुरुस्त होत नाही. आणि काही कंपन्या ओव्हरसाइझ पिस्टन देतच नाहीत. हे सगळं इंजिन उतरवण्याआधी फोनवर विचारता येतं. पार्ट मिळतात का हा प्रश्न मेकॅनिकला विचारू नका, पार्टच्या दुकानात पार्ट नंबर सांगून विचारा.

बांधलेलं इंजिन टिकेल की नाही हे बरंचसं ठरतं धुण्यावर, आणि ते कोणी बघत नाही. होनिंग झाल्यावर त्या बारीक रेषांत दगडाची भुकटी बसलेली असते. रॉकेल किंवा पेट्रोलने पुसलं की ऑइल निघतं, भुकटी तिथेच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन बोअर घासायचा, भांडं घासतात तसा. मग पांढरं कापड ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवायचं. कापडावर करडी रेघ उमटली तर परत धुवायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना तिसऱ्या धुण्याला कंटाळा येतो. चौथ्याला कापड पांढरं निघतं. लगेच ऑइल लावायचं, नाहीतर बघता बघता गंज धरतो. तुम्ही ज्याला काम देणार आहात त्याच्याकडे जाऊन एकदा विचारा, होनिंगनंतर बोअर कशाने धुता? उत्तरात साबण आला नाही, तर मी तिथून परत येईन.

आता बदलण्याची बाजू. कारखान्यातून नवीन आलेलं इंजिन आणि कारखान्याने पुन्हा बांधलेलं इंजिन, दोन्ही परवडत असतील तर प्रश्नच नाही. फक्त शॉर्ट ब्लॉक (हेडशिवायचं खालचं इंजिन) मिळतोय की हेडसकट, ते लेखी घ्या. शॉर्ट ब्लॉक घेतला तर तुमचं जुनं हेड त्यावर चढणार, आणि त्याची सीलं-गाइडं तशीच राहिली तर ऑइल खाणं चालूच. उलटही खरं आहे. झिजलेल्या रिंगांवर फक्त हेडचं काम केलं की वरून गळती बंद होते, आत ओढ वाढते, आणि रिंगांवरून ऑइल आणखी जोरात वर येतं. हेडचं काम केलं आणि धूर वाढला, अशी तक्रार घेऊन लोक येतात ते यामुळेच.

तुमचा दुसरा मेकॅनिक सांगतोय ते वापरलेलं इंजिन. ही दुसऱ्याच्या घरची वस्तू, तिचा इतिहास विकणाऱ्यालाही माहीत नसतो. चालू करून दाखवतो म्हणाला तर आदल्या दिवशी कोणतं ऑइल घातलं ते विचारा, जाड ऑइलचं वर सांगितलंच आहे. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनावरही स्टार्टर लावून कॉम्प्रेशन घेता येतं. आकडा थंड इंजिनाचा असेल, पण चारांतला फरक कळतो. टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) काढायला लावा. आत डांबरासारखा काळा चिखल असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. खालचं चेंबर उघडून एक बिग एंड टोपी काढू देत असतील तर काढा, बेअरिंग गुळगुळीत राखाडी असावं, ओरखडे नकोत. उघड्यावर पडून राहिलेल्या इंजिनात बोअरला गंज आणि सीलांना चिरा असतात. घेतलंच, तर बसवण्याआधी टायमिंग बेल्ट किंवा चेन, वॉटर पंप, क्रँकचं मागचं सील आणि क्लच प्लेट बघून घ्या, कारण त्यांच्यापर्यंत हात पुन्हा एवढ्या सहज पोचणार नाही. इंजिनाचा कोड तुमच्या गाडीच्या ईसीयूशी (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरशी) जुळतो का, सेन्सरची जागा तीच आहे का, हेही बघा. वाहनाच्या कागदपत्रांत इंजिन नंबर असेल तर बदलाची नोंद करून घ्या.

पण बांधा किंवा बदला, पहिलं इंजिन का गेलं हे न शोधता काहीच करू नका. एक गाडी माझ्याकडे आली, तिला आधी कुठेतरी दुसरं इंजिन बसवलं होतं, आणि तीस हजार किलोमीटरमध्ये तेही निळा धूर मारायला लागलं होतं. मालक इंजिन विकणाऱ्याला शिव्या घालत होता. मी एअर फिल्टरपासून थ्रॉटलकडे जाणारा रबरी पाइप काढला. वरून धड. खालून वाकवला तेव्हा घडीमध्ये नखाएवढी चीर उघडली. आत बोट फिरवलं, बोटाला पिठासारखी धूळ. पहिल्या इंजिनाला हाच पाइप होता, दुसऱ्यालाही हाच. दोन इंजिनांच्या रिंगा त्या चिरेने खाल्ल्या होत्या. तसंच बेअरिंग गेलेल्या इंजिनाचं: धातूचा कण ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या नळ्यांत बसून राहतो आणि नव्या इंजिनात परत येतो. कूलर धुऊन भागत नाही, मी तो बदलतोच.

तिसरा एक रस्ता आहे, तो कोणी सांगत नाही कारण त्यात कोणाचाच धंदा नाही. गेजवर दाब चांगला निघाला आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर ऑइल घालत गाडी चालवत राहा. आठवड्याला डिपस्टिक बघायची, डिकीत एक डबा ठेवायचा. गाडी वर्ष-दीड वर्षात काढायची असेल तर हाच शहाणपणा. त्याची किंमत एवढीच की जळणाऱ्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो, आणि प्लग लवकर काळे होतात.

तुमच्या गाडीपुरतं माझं मत: दाब कमी, बोअर निमुळता, ब्लॉक बीडाचा, पार्ट मिळतायत आणि गाडी आणखी पाच-सात वर्षं ठेवायची आहे, तर बांधा. अंदाजपत्रक दोन भागांत मागा, एक उघडून मोजण्यापर्यंतचं आणि दुसरं मोजल्यानंतरचं. मोजण्याआधी एकरकमी आकडा देणाऱ्याने किंवा तुमचं नुकसान धरलंय किंवा स्वतःचं. वर पाव हिस्सा बाजूला ठेवा, तो लागतोच. रॉड तुटून ब्लॉकला भोक पडलं असेल, क्रँकला तडा असेल किंवा ओव्हरसाइझ पिस्टन मिळत नसतील, तर बदला. गिअरबॉक्स कुरकुरतोय आणि पत्रा खालून सडलाय असं असेल, तर दोन्ही नको. पण या आठवड्यात फक्त तीन कामं करा: तापलेल्या इंजिनावर ऑइल प्रेशर गेज, चारही सिलिंडरचं कोरडं आणि ओलं (चमचाभर ऑइल सोडून घेतलेलं) कॉम्प्रेशन, आणि फिल्टर कापणं. आकडे सिलिंडरच्या क्रमाने लिहून पाठवा, आणि फिल्टरच्या कागदाचा फोटो उन्हात काढा.